हळदीचा डाग आणि कापलेला एक मार्क

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या मुलांच्या पुरवणीत एक चौकट आली होती, "घरातले बदल ओळखा" अशी. डावीकडे भौतिक बदल, म्हणजे बर्फ वितळणे, मीठ विरघळणे, कागद फाडणे, आणि उजवीकडे रासायनिक बदल, म्हणजे लोखंड गंजणे, दूध नासणे, कागद जळणे, आणि खाली जाड अक्षरात लिहिलेलं की भौतिक बदल उलटवता येतात, रासायनिक बदल उलटवता येत नाहीत. आता मी काही सायन्सवाली नाही, बी.कॉम. आहे, आणि सगळी नोकरी बँकेत कॅशच्या खिडकीत गेली. पण कॅशला बसलेल्या माणसाला एक खोड लागते, बेरीज जुळली नाही तर घरी जाववत नाही. तुमच्या चौकटीची बेरीज मला काही केल्या जुळेना. कागद फाडणं उलटवता येतं म्हणे! फाडून दाखवा आणि उलटवून दाखवा, मी नोटांचे फाटके तुकडे आयुष्यभर बघितलेत.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पण याच एका वाक्यापायी आमच्या नातवाचा चाचणी परीक्षेत मार्क गेलाय, म्हणून लिहिते.

झालं असं की सातवीच्या पेपरात प्रश्न होता, रासायनिक बदलाचं घरातलं एक उदाहरण कारणासह लिहा, दोन मार्क. आता बाकीच्या पोरांनी लोखंड गंजणे लिहिलं असणार, ते सगळ्या गाइडात आहे. आमच्या पठ्ठ्यानं लिहिलं, "हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि लिंबू पिळलं की परत पिवळा होतो, कारण हळदीतला रंगाचा पदार्थ बदलतो." बाईंनी लाल पेनानं शेरा मारला, "परत होतो म्हणजे भौतिक बदल", आणि एक मार्क कापला. एक दिला ते बहुधा अक्षर बरं आहे म्हणून. बाईंना मी दोष देत नाही, पन्नास-साठ पेपर तपासायचे आणि समोर उत्तरसूची, त्यात हळद नसणारच. पण त्या उत्तरसूचीत आणि तुमच्या चौकटीत एकच वाक्य आहे आणि ते वाक्य चूक आहे, एवढंच माझं म्हणणं.

हळदीचं हे आमच्याकडे कसं सुरू झालं ते सांगते. पोरगा वरणभात खाताना शाळेच्या पांढऱ्या शर्टावर सांडणार हे ठरलेलंच. मी शर्ट बेसिनखाली धरला, वडी फिरवली, आणि तो पिवळा डाग डोळ्यादेखत विटकरी लाल झाला. कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला यात काही नवीन नाही, पण तो ओरडला, "आजी, रक्त!" म्हणलं रक्त कसलं, हळद आहे ती, बघ आता, आणि ओट्यावरच्या अर्ध्या लिंबाची फोड त्यावर घासली. परत पिवळा. मग काय, त्याला नादच लागला. दुपारी, म्हणजे आमच्याकडे एक ते चार ज्या वेळेत बेल वाजवायची नसते त्या वेळेत, त्यानं जुन्या पंचाची चिंधी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि स्वयंपाकघरातलं जे दिसेल ते त्यावर थेंब थेंब टाकत बसला. धुण्याचा सोडा, लाल. आजोबांच्या पानाच्या डबीतला चुना, एकदम गडद लाल. खायचा सोडा, नुसता नारिंगीसर, धड इकडे ना तिकडे. ताक, चिंचेचा कोळ, लिंबू, काहीच नाही, पण लाल झालेल्या पट्टीवर तेच टाकलं की परत पिवळी. शांपूला पट्टी ढिम्म हलली नाही, त्यावर त्याचा फार विश्वासघात झाला.

हळदीत जो पिवळा रंग असतो त्याला कर्क्युमिन म्हणतात. साबण, सोडा, चुना हे त्यांच्या पुस्तकातल्या भाषेत आम्लारी, ते त्या कर्क्युमिनमधला हायड्रोजन काढून घेतात, मग रेणूची ठेवणच बदलते आणि तो लाल दिसायला लागतो. लिंबातलं आम्ल तो हायड्रोजन परत देतं, की झाला पिवळा. म्हणजे जाताना रेणू बदलला आणि येतानाही बदलला, दोन्ही वेळा रासायनिकच. परत आला म्हणून तो भौतिक कसा होईल? मी पुण्याहून साताऱ्याला गेले आणि संध्याकाळी परत आले तर मी गेलेच नव्हते असं म्हणणार का तुम्ही?

आणि याच डागाची दुसरी गंमत. तोच शर्ट धुऊन दिवसभर कडक उन्हात टाकला की डाग जातो, आपल्या आज्या-पणज्यांपासून सगळ्यांना माहितीये. मग त्या जागी कितीही साबण लावा, लाल होत नाही, लिंबू पिळा, पिवळं होत नाही, कारण उजेडानं कर्क्युमिनचा रेणूच मोडून टाकलाय. एकाच डागाचे दोन रासायनिक बदल, एक परत येणारा आणि एक कायमचा गेलेला. चौकटीत याला कुठे बसवणार?

असं एकदा डोक्यात बसलं की घरभर दिसायला लागतं. पावसाळ्यात लाइट जाते म्हणून आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्याच्या बॅटरीत शिसं, शिशाचं ऑक्साइड आणि सल्फ्युरिक ॲसिड असतं, पंखा चालू असताना त्याचं लेड सल्फेट होत जातं आणि लाइट आली की चार्जिंगमध्ये तीच क्रिया उलटी चालते, वर्षानुवर्षं, रोज. उलटवता येत नसतं तर दर लोडशेडिंगला नवी बॅटरी आणावी लागली असती. आणि उलट बाजूनं बघा, गिरणीतून गहू दळून आणले, फक्त तुकडे बारीक झाले, पदार्थ तोच, म्हणजे भौतिक बदल, पण त्या पिठाचे परत गहू करून कोण देणार? सुनेच्या हातून चहाचा कप फुटला तेव्हाही मी काही बोलले नाही, भौतिक बदल आहे म्हणलं.

पाकाचं पण तसंच. गुलाबजाम संपले की उरलेला पाक डब्यात राहतो आणि आठवड्यानं तळाशी साखरेचे खडे धरतात, म्हणजे साखर विरघळली होती, गेली कुठेच नव्हती. पण तोच पाक करताना फोन आला आणि आच मोठी राहिली की आधी तांबूस, मग तपकिरी, मग कडू धूर, तिथून साखर परत येत नाही. एकाच पातेल्यात दोन्ही बदल दहा मिनिटांच्या अंतरानं झाले. मुलाला शेजारी उभं करून नाकानं आणि डोळ्यानं ती वेळ ओळखायला लावली तर पुस्तकातली दोन पानं एका झटक्यात होतात. पातेलं घासायला लागतं ते वेगळं.

पण खरी शिकवणी आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या गणपतीत झाली, ते सविस्तर सांगते कारण ते पुण्याचंच आहे. आमचा गणपती शाडूचा असतो. खालच्या मजल्यावरच्यांचा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा, आणला होता हौसेनं, रंग बघून. विसर्जनाला नदीवर जायचं नाही असं दोन्ही घरांनी ठरवलेलं, त्यामुळे जिन्याखाली दोन बादल्या शेजारी शेजारी. आमच्या बादलीत साधं पाणी, संध्याकाळी आरती करून मूर्ती सोडली, थोडे बुडबुडे आले, आणि सकाळी बघितलं तर तळाशी नुसता चिखल. पाणी निथळून पोरानं त्या मातीचा दोन दिवसांनी उंदीर केला, कान जरा मोठे झाले, पण उंदीर झाला. म्हणजे शाडूची माती पाण्यात सुटली, माती होती मातीच राहिली. भौतिक बदल, आणि हा खरंच उलटवता येणारा.

खालच्यांच्या बादलीत त्यांनी पाण्यात पांढरी पावडर घातली होती, अमोनियम बायकार्बोनेट. बेकरीवाले बिस्किटं फुगवायला वापरतात तीच. ही युक्ती पाषाणच्या आपल्या एनसीएलमधल्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी काढलेली आणि महापालिकेनं घरच्या विसर्जनासाठी ही पावडर लोकांना फुकट वाटलेली. साधारण मूर्तीच्या वजनाइतकी पावडर लागते. त्या बादलीजवळून जाताना नाकात झणका बसायचा, अमोनियाचा, आणि कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू यायची, कारण आतून कार्बन डायऑक्साइड सुटत होता. दोनएक दिवसांत मूर्ती गेली, वर रंगाचे पापुद्रे तरंगत राहिले, खाली पांढरा गाळ. तो गाळ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या चुनखडीच्या जातीचा, आणि वरचं पाणी म्हणजे अमोनियम सल्फेट, जे शेतकरी खत म्हणून घालतात. ते पाणी चांगलं पातळ करून आम्ही खालच्या जास्वंदीला घातलं. हा झाला रासायनिक बदल, टाकलेल्या दोन वस्तूंपैकी एकही शिल्लक नाही आणि नव्याच वस्तू तयार. साध्या पाण्यात ती मूर्ती महिनोन् महिने तशीच राहिली असती.

पोराचा प्रश्न त्यापुढचा होता. "आजी, मग हे प्लॅस्टर म्हणजे आधी काय असतं?" त्याच्या हाताला तिसरीत फ्रॅक्चर झालं होतं, तेव्हाचं मी त्याला आठवून दिलं, ओल्या पट्ट्या गुंडाळल्या आणि तू म्हणालास गरम लागतंय, डॉक्टर हसले होते. जिप्सम नावाचा दगड साधारण दीडशे अंशाला भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस उरतं, त्यात पाणी घातलं की ते पाणी परत धरून ठेवतं, गरम होतं, घट्ट होतं आणि परत जिप्सम. गेलं पाणी, आलं पाणी. आता हा उलटणारा रासायनिक बदल खुद्द त्याच्या हातावर झालेला आहे आणि त्याच हातानं लिहिलेल्या उत्तराचा मार्क कापला गेलाय, याला काय म्हणावं.

आता जरा गंभीर. रासायनिक बदल ओळखता येणं हा नुसता मार्कांचा विषय नाही हे मला दिवाळीच्या साफसफाईत कळलं. आमच्या कामाच्या मावशी बाथरूम घासत होत्या. संडासाचं ॲसिड टाकलं होतं, डाग जाईना म्हणून त्यांनी टाकी धुवायची उरलेली ब्लीचिंग पावडर वर भुरभुरली. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की जास्त चांगलं, असा आपला सगळ्यांचाच हिशोब. मी स्वयंपाकघरात होते, आधी स्विमिंग टँकसारखा वास आला आणि मग मावशींचा खोकला, थांबेचना. दंडाला धरून बाहेर ओढलं, गॅलरीत बसवलं, दारं-खिडक्या उघडल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "ताई, छातीत मिरची भरल्यासारखं झालंय," म्हणाल्या. डॉक्टरांकडे नेलं, निभावलं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, खाली फरशीलगत साठतो, आणि आपल्याकडे बाथरूम घासणारी बाई उकिडवी बसलेली असते, म्हणजे नेमकं नाक तिथेच. बाटलीवर इशारा असतो, नाही असं नाही, पण इतक्या बारीक अक्षरात की माझ्या चष्म्यातूनही दिसत नाही, आणि मावशींना इंग्रजी वाचता येत नाही.

तुमच्या चौकटीत दूध नासण्याऐवजी हे का नव्हतं? दूध नासलं तर पनीर होतं हो.

त्याच बाथरूमच्या बाहेर आमची शहाबादी फरशी आहे, जुनं घर असल्यामुळे, आणि ॲसिडचे थेंब तिच्यावर पडले तिथे फसफसून पांढरे खड्डे पडलेत. शहाबादी म्हणजे कर्नाटकातल्या शहाबादचा चुनखडीचा दगड, ॲसिड पडलं की तो खाल्ला जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ओट्याच्या ग्रॅनाइटला काही होत नाही, आणि आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाला तर नाहीच. गीझरच्या कॉइलवर टँकरच्या पाण्यानं जो पांढरा थर धरतो तोही तोच, कॅल्शियम कार्बोनेट, पाणी तापलं की विरघळलेला क्षार दगड होऊन बसतो. अंड्याचं कवच तेच. जुन्या वाड्याच्या भिंतीला पूर्वी चुन्याची सफेदी द्यायचे, ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड महिनोन् महिने ओढून घेत हळूहळू दगड होतो, तोही तोच. आणि खालच्यांच्या गणपतीच्या बादलीतला गाळही तोच! नातवानं एका दुपारी या सगळ्यांचे नमुने बशीत मांडून प्रत्येकावर व्हिनेगर टाकलं, सगळे फसफसले, आणि बशी उचलून मला म्हणाला, "आजी, हे सगळे एकाच घरातले आहेत की." आडनावं वेगळी लावतात एवढंच. गीझरच्या थराचा तुकडा काढायला आजोबांनी जी कसरत केली ती इथे लिहीत नाही.

एक मात्र सांगायलाच पाहिजे. रंग बदलला, वास आला, फेस आला, गरम झालं, या खुणा पुस्तकात दिल्यात त्या बरोबर आहेत, पण काही बदल एकही खूण न दाखवता होतात. बाथरूममध्ये गॅस गीझर आणि खिडकी बंद, थंडीच्या दिवसांत हे सर्रास. गॅसला जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड होतो. रंग नाही, वास नाही. आपल्याला जो गॅसचा वास येतो तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा, गळती कळावी म्हणून, आणि तो गॅस जळला की वासही गेला. हा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो, आंघोळ करणाऱ्याला नुसती गुंगी येते आणि त्याला वाटतं गरम पाण्यानं बरं वाटतंय. गीझर बाथरूमच्या बाहेर पाहिजे आणि आत झरोका उघडा पाहिजे. स्वयंपाकघरात निदान ज्योत तरी सांगते, निळी असेल तर ठीक, पिवळी झाली आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरली की समजायचं बर्नरला हवा पुरत नाहीये.

तर संपादकसाहेब, मागणी फार नाही. एक, चौकटीखालच्या त्या वाक्याची दुरुस्ती छापा, "रासायनिक बदलात नवा पदार्थ तयार होतो, तो बदल कधी उलटवता येतो, कधी येत नाही" एवढी एक ओळ पुरे. जागा नसेल तर मागच्या रविवारी "पिल्लासाठी आकर्षक नावं" यात अर्धं पान घालवलंत त्यातून काढा. दोन, आठवड्याला एकच गोष्ट द्या, पण घरातली, करून बघता येईल अशी. लोखंडी कढईत वांग्याची भाजी काळी का पडते आणि स्टीलच्या कढईत का नाही, असं विचारा की! पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून शाई करायचे तीच गंमत भाजीत होते, तुरट पदार्थ आणि लोखंड एकत्र आलं की काळं. हे वाचून निदान दहा घरांत तरी कढई शोधली जाईल. आणि तीन, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका हे एकदा मोठ्या अक्षरात, मराठीत, पहिल्या पानावर छापा, दिवाळीच्या आधी.

दुरुस्ती छापलीत तर त्या दिवशीचे दोन पेपर घेईन, एक त्याच्या वहीत चिकटवायला आणि एक बाईंना नेऊन द्यायला. भांडायला नाही जाणार, हळदीच्या चार पट्ट्या आणि लिंबाची फोड घेऊन जाणार आहोत.

आपली नियमित वाचक,
एक आजी,
सिंहगड रोड, पुणे

ता. क. हे लिहिण्याच्या नादात गॅसवरचं दूध उतू गेलं. बर्नरची भोकं बुजली आहेत आणि ज्योत अर्धी पिवळी झालीये. नातू टाचणी आणि जुना ब्रश घेऊन उभा आहे आणि म्हणतोय, आजी, आधी गॅस बंद कर, पत्र नंतर.